चिचगडचा जमीनदार राजा का नव्हता?

देवरीहून दक्षिणेकडे निघाले की रस्ता झाडीत शिरतो आणि चिचगडला पोचतो. आज गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात असलेले हे गाव दीडशे वर्षांपूर्वी एका जमीनदारीचे ठाणे होते. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्याच्या पूर्व कडेला, डोंगर आणि जंगलाच्या पट्ट्यात, अशा बऱ्याच जमीनदाऱ्या होत्या: कामठा, आमगाव, दरेकसा आणि त्यांतलीच एक चिचगड. डोंगरांच्या पलीकडे नांदगाव होते, म्हणजे आजचे राजनांदगाव. तिथे बैरागी महंतांची गादी होती. चिचगड आणि नांदगाव दोन्ही नागपूरकर भोसल्यांना वर्षाला ठरावीक रक्कम देत आणि बाकी कारभार आपापल्या रीतीने चालवत. जंगलातून चालत जाणाऱ्या वाटसरूला एकाची हद्द संपून दुसऱ्याची कुठे सुरू झाली, हे कळलेही नसते.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत नावाचा नवा प्रांत तयार झाला. भोसल्यांकडून वारशाने आलेल्या या डोंगरी धन्यांना नेमके काय समजायचे, हा प्रश्न इंग्रजांपुढे उभा राहिला. राजे समजायचे, की मोठे जमीनमालक, की सरकारी वसुलीचे मक्तेदार? सर रिचर्ड टेंपल यांनी १८६३ मध्ये या सगळ्या जमीनदाऱ्यांवर अहवाल लिहिला. त्यानंतरच्या काही वर्षांत निवाडा होऊन मध्य प्रांतातली पंधरा ठिकाणे ‘फ्यूडेटरी’, म्हणजे मांडलिक संस्थाने ठरली. बस्तर, कांकेर, खैरागड, कवर्धा त्यांत होती आणि नांदगावही होते. बाकीचे सगळे साधे जमीनदार, कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश प्रजाजन. चिचगड या दुसऱ्या रांगेत गेले.

एका शब्दाने हा फरक पाडला आणि तो पुढे शंभर वर्षे टिकला. म्हणून इंग्रजीतले सत्तेचे शब्द मला परीक्षेतल्या समानार्थी शब्दांसारखे वाटत नाहीत. डॉमिनन्स, डॉमिनेशन, डोमिनियन, सुप्रिमसी, सॉव्हरिन्टी, सुझरेन्टी, हेजेमनी हे शब्द आपल्या वर्तमानपत्रांत आले की बहुतेक वेळा ‘वर्चस्व’ या एकाच शब्दात मिसळून जातात. मग सत्ता कोणाची, कशावर, कोणत्या आधाराने आणि कोणाच्या संमतीने, हे चारही प्रश्न वाचकापासून लपतात. चिचगडच्या इतिहासात मात्र हे प्रश्न एकेक करून उभे राहिलेले दिसतात.

सुरुवात शब्दांच्या घरापासून करू, कारण हे शब्द खरोखर घरातूनच निघाले आहेत. लॅटिनमध्ये ‘डोमुस’ म्हणजे घर आणि ‘डोमिनुस’ म्हणजे घरधनी. देवरीच्या तहसील कार्यालयातून दाखला काढणारा प्रत्येक विद्यार्थी या कुळातला एक शब्द रोज वापरतो: डोमिसाइल. डोमेस्टिक, डोमेन, डोमिनियन, डॉमिनेट हे सगळे त्याचेच सगेसोयरे. आपल्याकडेही हे घर आहे. वेदांत ‘दम’ म्हणजे घर आणि ‘दम्पती’ म्हणजे मुळात घराचा धनी. नवरा-बायको हा अर्थ नंतर स्थिरावला. ग्रीकमधला ‘देस्पोतेस’, ज्यातून इंग्रजीचा डेस्पॉट आला, हा याच दम्पतीचा दूरचा भाऊ. घरावर हुकूम चालवणारा तो धनी, ही कल्पना गावाच्या, मुलखाच्या, देशाच्या मापाने वाढत गेली.

रोमन कायद्याने मात्र फार लवकर एक महत्त्वाची फारकत केली. वस्तूवरची मालकी ते ‘डोमिनियम’ आणि माणसांना हुकूम देण्याचा अधिकार ते ‘इंपेरियम’. शेत माझे आहे, ते मी पिकवीन किंवा विकीन, हे डोमिनियम. तुला अटक होईल, तुझ्यावर कर बसेल, तुझा निवाडा मी करीन, हे इंपेरियम. एकाच माणसाकडे दोन्ही असू शकतात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भोसल्यांच्या काळात डोंगरातल्या जमीनदाराकडे दोन्ही थोडे थोडे होते. तो आपल्या मुलखात बंदोबस्त ठेवी, अबकारी वसूल करी, जंगलाचे उत्पन्न घेई आणि नागपूरला टाकोळी भरी. टाकोळी म्हणजे ठरावीक रकमेची हलकी खंडणी, पूर्ण शेतसाऱ्यापेक्षा पुष्कळ कमी. नागपूरला तेवढ्यावर समाधान होते, कारण त्या जंगलात स्वतःची माणसे ठेवणे महाग पडले असते. याचा अर्थ नागपूरचा हात पोचत नव्हता असा नाही. १८१८ साली कामठ्याच्या चिमणा पटेलाने बंड केले, ते मोडले गेले आणि कामठ्याची जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. अधिकार नागपूरने दिला होता आणि नागपूर तो काढूनही घेऊ शकत होते.

इंग्रजांनी या जोडीतले इंपेरियम हळूहळू काढून घेतले. पोलीस गेले, अबकारी गेली. डोमिनियम ठेवले, पण बांधून ठेवले: जमीनदारीची वाटणी होणार नाही, ती एकाच वारसाकडे, बहुधा थोरल्याकडे जाईल, आणि सरकारी मान्यतेशिवाय ती विकता येणार नाही. म्हणजे चिचगडच्या जमीनदाराकडे प्रचंड जंगलाची मालकी होती, पण त्या जंगलात राहणाऱ्यावर राज्य करण्याचा हक्क नव्हता. नांदगावच्या महंताकडे मात्र, मर्यादा घातलेले का होईना, इंपेरियम राहिले. कचेरी त्याची, पोलीस त्याचे, निवाडा त्याचा.

नांदगावसारख्या संस्थानांच्या बाबतीत वरच्या सत्तेला इंग्रजीत ‘सुझरेन्टी’ किंवा ‘पॅरामाउंटसी’ म्हणत. दोन्ही शब्द फ्रेंच वळणाचे, दोहोंत ‘वर असणे’ हाच भाव. सुझरेन म्हणजे अधिराजा. खालचा राजा आपला अंतर्गत कारभार करतो, पण बाहेरच्या जगाशी संबंध, युद्ध आणि तह वरच्याच्या हातात. मराठीत ‘अधिसत्ता’ हा शब्द त्याला चांगला जुळतो. पॅरामाउंटसी हा त्याहून सैल आणि म्हणून जास्त धोकादायक शब्द होता, कारण तिच्या मर्यादा कुठेच लिहिलेल्या नव्हत्या. सरकारला गरज वाटेल तेव्हा ती वाढे. आणि सॉव्हरिन्टी, म्हणजे सार्वभौमत्व, ही या सगळ्यांच्या वरची पायरी: जिच्यावर कोणी नाही.

या तीन शब्दांची खरी ओढाताण विदर्भातच झाली आणि ती वऱ्हाडावरून झाली. वऱ्हाड निजामाचे होते. १८५३ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात आले, १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले गेले आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले. पट्टा दिला म्हणजे मालकी सुटत नाही, या न्यायाने निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितले. २७ मार्च १९२६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी त्यांना उत्तर पाठवले. त्याचा आशय असा होता की भारतात ब्रिटिश मुकुटाचे सार्वभौमत्व सर्वोच्च आहे आणि कोणताही संस्थानिक ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही. तरीही १९३६ च्या करारात वऱ्हाडावरचे निजामाचे सार्वभौमत्व मान्य केले गेले आणि त्यांच्या थोरल्या मुलाला ‘वऱ्हाडचा राजपुत्र’ असा किताब मिळाला. सारा, पोलीस, न्यायालये, रस्ते यांतले काहीही हैदराबादच्या हातात आले नाही. अकोल्याच्या शेतकऱ्याच्या जगण्यात त्या सार्वभौमत्वाने काय बदलले, याचा विचार केला की सॉव्हरिन्टी आणि रूल यांतला फरक स्पष्ट होतो. पहिले हक्काचे नाव आहे, दुसरा प्रत्यक्ष अंमल.

याच कुळातला ‘डोमिनियन’ हा शब्द आपल्या देशाच्या नावामागे अडीच वर्षे होता. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात भारत ब्रिटिश मुकुटाखालचे डोमिनियन होता. आपल्याकडे त्याला अधिराज्य म्हटले गेले. डोमिनियनमध्ये दडपणाचा सूर नाही. कायदेशीर सत्ता आणि ती जिथे चालते तो प्रदेश, असा दुहेरी अर्थ त्यात आहे.

आता चिचगड आणि नांदगाव यांच्या त्या जुन्या फरकाचे पुढे काय झाले ते पाहू. १५ डिसेंबर १९४७ रोजी सरदार पटेल नागपुरात होते आणि छत्तीसगडच्या संस्थानिकांनी विलीनीकरणाच्या करारावर सह्या केल्या. १ जानेवारी १९४८ पासून ती संस्थाने मध्य प्रांतात आली. संस्थानिकांना तनखे मिळाले आणि ते १९७१ पर्यंत चालू राहिले. सही मागितली जाते ती ज्याच्याकडे सत्ता असते त्याच्याकडे. चिचगडच्या, अहेरीच्या, आमगावच्या जमीनदारांकडे कोणी सही मागितली नाही. त्यांच्यासाठी विधानसभेत कायदा झाला, विदर्भ तेव्हा ज्या राज्यात होता त्या मध्य प्रदेशचा मालकी हक्क संपुष्टात आणणारा १९५० चा कायदा, आणि ३१ मार्च १९५१ रोजी त्यांची मालकी सरकारकडे गेली. त्यांना मोबदला मिळाला, तनखा नाही. अहेरी तर विस्ताराने कित्येक संस्थानांपेक्षा मोठी होती. तिचे जमीनदार विश्वेश्वरराव या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५२ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. सार्वजनिक कारणासाठी खासगी मालमत्ता घेण्याचा राज्याचा जो अधिकार तिथे वादाच्या केंद्रस्थानी होता, त्याला इंग्रजी कायद्यात ‘एमिनंट डोमेन’ म्हणतात. डच कायदेपंडित ग्रोशियस याने १६२५ मध्ये ही कल्पना मांडली. सगळ्या मालकांच्या मालकीच्या वर राज्याची एक चढती मालकी असते, असा तिचा गाभा. पुन्हा तोच घरधनी, या वेळी राज्याच्या रूपात.

त्या एका तारखेने आपल्या भागाचे भूदृश्य बदलले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले हजारो जुने तलाव मालगुजार आणि जमीनदारांच्या मालकीचे होते. कोहळी समाजाच्या कसबी माणसांनी ते बांधले आणि सांभाळले होते. मालकी सरकारकडे गेली आणि ते ‘माजी मालगुजारी’ तलाव झाले, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. मालक बदलला, पण गाळ काढण्याची आणि पाळ बांधण्याची जबाबदारी नव्या मालकाकडे तितक्या आस्थेने पोचली नाही. पुष्कळ तलाव उथळ झाले. मालकी आणि सांभाळ या दोन गोष्टी कागदावर एका ओळीत लिहिता येतात, तलावाच्या पाळीवर त्या वेगळ्या होतात.

रयतेचे काय? तिच्याकडे डोमिनियम कधीच नव्हते. तिच्याकडे होता तो ‘निस्तार’. जळणासाठी लाकूड, घरासाठी बांबू, गुरांना चराई, मोहफुले आणि गवत जंगलातून आणण्याचा हक्क म्हणजे निस्तार. मालकी न घेता उपभोग घेण्याच्या या हक्काला रोमन कायदा ‘उसुसफ्रुक्तुस’ म्हणे, म्हणजे वापर आणि फळ. जमीनदारी गेली तेव्हा जंगलाची मालकी सरकारकडे आली, निस्ताराची नोंद वेगळी राहिली आणि त्यातून वनखाते आणि गावे यांच्यात जे वाद झाले, ते या भागात आजही कुणाला सांगावे लागत नाहीत.

इथे डॉमिनन्स आणि डॉमिनेशन या सर्वांत जास्त गोंधळ होणाऱ्या जोडीकडे येतो. डॉमिनन्स ही स्थिती आहे, डॉमिनेशन ही कृती. एखाद्याकडे सर्वांत जास्त जमीन, पैसा, ओळखी आणि मान आहे, इतरांना निर्णय घेताना त्याचा विचार करावाच लागतो, हे डॉमिनन्स. त्यासाठी त्याने आज काही केलेच पाहिजे असे नाही. तो त्या बळावर इतरांना वाकवतो, बेठबिगार करायला लावतो, त्यांचा आवाज बंद करतो, तेव्हा ते डॉमिनेशन होते. पहिल्यासाठी मराठीत ‘वर्चस्व’ चालेल. दुसऱ्यासाठी ‘दडपशाही’ किंवा ‘दबावाखाली ठेवणे’ असे काही म्हणावे लागेल, कारण ‘वर्चस्व’ या शब्दात अन्यायाची बोच नाही. संस्कृतात ‘वर्चस्’ म्हणजे तेज. तेजाचा शब्द जुलमासाठी वापरला की जुलूम झाकला जातो, असे मला मनापासून वाटते. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ ला मालकी काढून घेतली, पण गावातली स्थिती त्या तारखेला पालटली नाही. जुन्या घराण्यांचा शब्द पुढेही कित्येक वर्षे चालत राहिला. कायदा डोमिनियम रद्द करू शकतो, डॉमिनन्स रद्द करायला वेगळे मार्ग लागतात.

आणि प्रीडॉमिनन्स? तो संख्येचा किंवा प्रमाणाचा शब्द आहे, त्याचे मराठी ‘प्राबल्य’. गोंदिया जिल्ह्यात धानाचे प्राबल्य आहे म्हणजे इतर पिकांपेक्षा धान जास्त आहे. देवरी भागात आदिवासींचे संख्येने प्राबल्य आहे, देवरी ज्यात येते तो आमगाव विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. पण संख्येने जास्त असणे आणि बाजारात, कचेरीत, बँकेत शब्द चालणे या दोन गोष्टी एकत्र येतातच असे नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५० च्या दशकात म्हैसूरजवळच्या रामपुरा गावाचा अभ्यास करून ‘डॉमिनंट कास्ट’ ही संकल्पना मांडली. तिच्यात संख्या होतीच, पण तिच्या जोडीला जमीन आणि राजकीय बळ होते, जातीच्या उतरंडीत फार खाली नसणे होते आणि पुढे पाश्चात्त्य शिक्षण आणि नोकऱ्याही आल्या. हे सगळे घटक एकाच जातीकडे एकवटले म्हणजे तिचे वर्चस्व पक्के होते. घटक विखुरले तर वर्चस्वही विखुरते. मराठीत या संकल्पनेला काही जण ‘प्रबळ जात’ म्हणतात आणि मग वाचक ‘प्राबल्य’ म्हणजे फक्त डोकी मोजतो. ‘वर्चस्वी जात’ हे भाषांतर मला अधिक प्रामाणिक वाटते.

स्वभावाचा शब्द वेगळाच आहे: डॉमिनिअरिंग. तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच भाषेतून इंग्रजीत आला आणि त्याला सत्तेची गरज नाही. घरातला धाकटा भाऊही डॉमिनिअरिंग असू शकतो. आपण त्याला शिरजोर म्हणतो. मास्टरी हा आणखी निराळा. एखाद्याचे गणितावर किंवा भाषेवर प्रभुत्व असते, वर्चस्व नसते, आणि मराठी बोलणारा माणूस इथे चुकत नाही. मनातल्या धाकाच्या छटांत तर मराठी फार श्रीमंत आहे. वडिलांचा धाक असतो, फौजदाराचा वचक असतो, डाकूचा दरारा असतो, जुन्या घराण्याचा दबदबा असतो, पुढाऱ्याची वट असते. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहिला की वाक्य लगेच खटकते. ही बारकाई आपल्याकडे आहे. लिहिताना आपण ती का सोडतो, हे मला समजत नाही.

बाजारात आले की हे शब्द पुन्हा कायद्याचे होतात. चिचगडच्या भोवतालच्या जंगलात एप्रिलअखेर आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. घरची सगळी माणसे पहाटे पाने तोडायला जातात, दुपारी पुडे बांधतात आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजून देतात. विडीसाठी लागणारे हे पान. १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूच्या व्यापारावर सरकारचे नियंत्रण आले: पान सरकार किंवा सरकारने नेमलेला ठेकेदारच घेणार. याला सर्रास मोनॉपली म्हटले जाते. पण मोनॉपली म्हणजे विकणारा एकच. इथे एकटा आहे तो घेणारा, आणि त्यासाठी ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये ‘मोनॉप्सनी’ हा शब्द रूढ केला. फरक पुस्तकी नाही. एकच विकणारा असेल तर भाव चढतो, एकच घेणारा असेल तर भाव दबतो. मक्तेदारी हा आपला शब्द दोहोंना वापरला जातो आणि मजुरी कोणत्या बाजूने दबली हे त्यात दिसत नाही.

त्याच्या शेजारी आहे ‘डॉमिनंट पोझिशन’. भारताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या चौथ्या कलमात हा शब्द आहे आणि तिथे त्याचा अर्थ काटेकोर ठेवला आहे. स्पर्धकांची पर्वा न करता वागता येईल, किंवा स्पर्धक, ग्राहक वा बाजार आपल्या बाजूला वळवता येईल, इतके बळ म्हणजे डॉमिनंट पोझिशन. कायदा त्या बळाला बेकायदा मानत नाही, त्याच्या गैरवापराला मानतो. २०२२ च्या ऑक्टोबरात स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला सुमारे १,३३७ कोटी रुपये दंड केला, तो मोठे असण्याबद्दल नव्हता, मोठेपणाचा गैरवापर केल्याबद्दल होता. डॉमिनन्स आणि डॉमिनेशन यांतला जो फरक मी वर सांगितला, तोच इथे कायद्याच्या कलमात उतरला आहे.

तेंदूच्या गोष्टीत २००६ च्या वनहक्क कायद्याने मोठे वळण आणले. त्याने गौण वनोपजावर वनवासी लोकांना नुसता वापर नव्हे तर मालकी दिली आणि तेंदू आणि बांबू यांची नावे त्यात स्पष्ट आली. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. गोंदिया आणि गडचिरोलीतल्या पुष्कळ ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात. डोमिनियम हा शब्द कुणी तिथे उच्चारत नाही, पण जो हक्क आधी जमीनदाराकडे आणि मग सरकारकडे होता, त्याचा एक मोलाचा तुकडा पहिल्यांदा पाने तोडणाऱ्याच्या हातात आला. मेंढ्याची घोषणा सर्वांना माहीत आहे: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. तिच्यात मालकीच्या पुढचे, इंपेरियमचे मागणे आहे.

एक अर्थ मात्र असा आहे की तो चुकीचा समजल्याने घराघरांत दुःख होते. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो. आनुवंशिकतेत ‘डॉमिनंट’ हा शब्द मेंडेलने १८६६ मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांतून रूढ केला. उंच आणि बुटक्या झाडांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळी उंच निघाली. उंचीचा गुण प्रभावी, बुटकेपणाचा अप्रभावी. यात अधिकार, बळ किंवा चांगलेपणा यांचा काही संबंध नाही. जोडीतल्या दोन घटकांपैकी कोणाचा परिणाम बाहेर दिसतो, एवढाच अर्थ. अप्रभावी म्हणजे दुर्मीळ किंवा दुबळे असेही नाही. सहा बोटांचा गुण बऱ्याचदा प्रभावी असतो, तरी समाजात क्वचित दिसतो. उलट सिकलसेल हा आजार म्हणून अप्रभावी, तरीही आपल्या भागात त्याचा जनुक भरपूर पसरला, कारण तो एकेरी असेल तर माणसाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते, आणि या जंगलपट्ट्यात मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे नेली.

‘अप्रभावी’ ऐकून वाहक समजतो की आपल्याला काहीच धोका नाही आणि तपासणी टाळतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यात आजाराची शक्यता चारात एक असते. तीन मुले निरोगी निघाली म्हणून चौथे आजारी निघेलच असे नाही आणि पहिले आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली असेही नाही. शिवाय वाहकाचे रक्त तपासले तर त्यात साधे आणि सिकल अशी दोन्ही हिमोग्लोबिने सापडतात, म्हणजे प्रथिनाच्या पातळीवर दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला झाकत नाही. त्याला शास्त्रात ‘कोडॉमिनंट’, सहप्रभावी म्हणतात. म्हणूनच लग्नाआधी साध्या रक्ततपासणीत वाहक ओळखता येतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून २०४७ पर्यंतचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आहे. आशाताई आणि आरोग्यसेविका घरोघर जातात तेव्हा त्यांना या एका शब्दाभोवतीचा गैरसमज आधी काढावा लागतो.

शेवटी हेजेमनी. हा लॅटिन घरातला शब्द नाही, ग्रीक आहे आणि ‘हेगेमोन’ म्हणजे पुढारी. इटलीच्या तुरुंगात १९२९ ते १९३५ या काळात लिहिलेल्या वह्यांत आंतोनिओ ग्राम्शी याने त्याला आजचा अर्थ दिला: जोराने नव्हे, तर लोकांना पटवून, त्यांच्या सवयी, शाळा, भाषा आणि सामान्य समजुती यांत मुरून चालणारी सत्ता. मराठी अभ्यासक तिला ‘धुरीणत्व’ म्हणतात. बोलीभाषेत ‘पगडा’ हा शब्द तिच्या फार जवळ जातो, कारण पगडा मनावर असतो. इतिहासकार रणजित गुहा यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकाचे नावच ‘डॉमिनन्स विदाउट हेजेमनी’ ठेवले. इंग्रजांनी भारतावर वर्चस्व मिळवले, पण भारतीयांच्या मनांतून उगवलेली संमती त्यांना मिळाली नाही, हे त्यांचे म्हणणे. ‘वर्चस्व’ एवढ्या एका शब्दावर हे पुस्तक मराठीत मांडताच येणार नाही. जर्मन विचारवंत माक्स वेबर याचा ‘हेरशाफ्ट’ हा शब्दही असाच अडचणीचा ठरला. इंग्रजी भाषांतरकारांपैकी काहींनी त्याला ऑथॉरिटी म्हटले, काहींनी डॉमिनेशन, आणि एकाच वेबरची दोन वेगळी रूपे इंग्रजी वाचकांपुढे आली.

चिचगडच्या शाळेत हेजेमनी रोज भेटते. इथल्या घरांत गोंडी, हलबी, छत्तीसगडी आणि झाडीबोली बोलल्या जातात. भाषाशास्त्रात दोन भाषा जाणणाऱ्याची ‘डॉमिनंट लँग्वेज’ म्हणजे त्या वेळी त्याला जी जास्त सहज येते ती. घरी गोंडी बोलणाऱ्या मुलाची डॉमिनंट भाषा दहावीपर्यंत मराठी होऊ शकते आणि इथवर त्यात कोणाचा दोष नाही. पण झाडीबोलीत ‘पानी’ म्हणणाऱ्या, ‘ळ’च्या जागी ‘र’ उच्चारणाऱ्या मुलाला ‘शुद्ध बोल’ असे सांगितले जाते आणि काही वर्षांनी तेच मूल स्वतःच्या आजीला ‘शुद्ध बोल’ म्हणू लागते, तेव्हा सत्ता बाहेरून आत पोचलेली असते. कुणी हुकूम दिलेला नसतो, शिक्षा झालेली नसते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाची आणि तिच्या साहित्य संमेलनांची जी चळवळ उभी केली, तिचे महत्त्व मला इथे दिसते. त्या व्यासपीठावर लोक कविता आणि कथा ‘पानी’ म्हणतच वाचतात आणि समोर बसलेल्यांपैकी कोणी त्यांना दुरुस्त करत नाही.